डाळीत अंश सापडला, बोलायचं कुणी? विदर्भातल्या एका जैविक महासंघाचं प्रकरण

मार्चचा दुसरा आठवडा. जैविक माल विकणाऱ्या नागपुरातल्या एका दुकानाने फटका तूर डाळीचा अख्खा लॉट परत केला. सोबत एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडला होता. डाळीत डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा अंश सापडला होता. साधी डाळ म्हणून तो कायद्यात बसत होता, जैविक डाळ म्हणून बसत नव्हता. तूर काटोल तालुक्यातल्या एका पीजीएस गटाची, म्हणजे एकमेकांच्या जैविक शेतीची हमी घेणाऱ्या शेतकऱ्यांची, आणि हा गट विदर्भ पातळीवरच्या जैविक शेतकरी महासंघाचा सभासद. दुसऱ्याच दिवशी महासंघाच्या सचिवांना वार्ताहराचा फोन आला. त्याच आठवड्यात विभागीय कृषी सहसंचालकांच्या कार्यालयातूनही निरोप आला, की यावर जैविकवाल्यांचं जे काय म्हणणं असेल ते लेखी द्या.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. महासंघ, गट आणि दुकान कल्पित आहेत. त्यांच्याभोवतीचे नियम, सरकारी संस्था, गावं आणि भांडणाची कारणं मात्र खरी आहेत. विदर्भात शेतकरी गटांबरोबर काम केलेल्या माणसाला यातली दोन-चार माणसं तरी ओळखीची वाटतील.

प्रश्न साधा दिसतो. एका सभासदाच्या मालात अंश सापडला, तर महासंघाने कुणाच्या वतीने आणि काय बोलायचं?

छत्रीखाली कोण कोण

महासंघात चार तऱ्हेची माणसं आहेत, आणि त्यांचं आपसात फारसं जमत नाही.

पहिले यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडचे कापूस गट. त्यांच्याकडे एनपीओपीचं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय जैविक उत्पादन कार्यक्रमाचं, अपेडा या केंद्राच्या निर्यात प्राधिकरणाच्या देखरेखीखालचं त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र असतं, कारण त्यांची रुई सूतगिरणीमार्गे निर्यातीच्या साखळीत जाते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एनपीओपीच्या आठव्या आवृत्तीने उत्पादक गटाला कायदेशीर अस्तित्व असलंच पाहिजे असं ठरवल्यापासून यांच्या कंपन्या, संचालक मंडळं, लेखापरीक्षण सगळं रीतसर उभं राहिलं. महासंघाच्या वर्गणीत मोठा वाटा यांचा. सभेला गाडी करून येणारेही हेच.

दुसरे काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे पीजीएस गट. संत्रा, भाजीपाला, तूर, हरभरा पिकवायचा आणि नागपुरात विकायचा. पीजीएसमध्ये बाहेरचा निरीक्षक येत नाही. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची वावरं पाहतो, नोंदी ठेवतो, एकमेकांची हमी घेतो. बदलाच्या काळात 'ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक'. देशात बेचण्यापुरतं हे चालतं, निर्यातीला चालत नाही.

तिसरे नैसर्गिक शेतीवाले. या पद्धतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं मिश्रण), आच्छादन, देशी गाय हे शब्द इथल्या गावागावांत पोचले. पाळेकरांनी जैविक शेतीवरही, गांडूळखतासकट, सतत टीका केली आहे. मग त्यांना मानणारे शेतकरी जैविक महासंघात कशाला? गावरान बियाण्यासाठी आणि नागपूरच्या ग्राहकासाठी. प्रमाणपत्रावर त्यांचा विश्वास नाही, आणि हे ते दर सभेत सांगतात.

चौथे पूर्व विदर्भातले धान उत्पादक आणि वनोपज गोळा करणारे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. यादीत त्यांची नावं आहेत, सभेत क्वचितच. गडचिरोलीहून नागपूर दीडशेहून जास्त किलोमीटर, आणि धानोऱ्याच्या आतल्या गावातून निघालं तर सभेचा दिवस प्रवासातच सरतो. भाडं महासंघ देत नाही. त्यातल्या पुष्कळांच्या शेतात रसायन कधी गेलेलंच नाही, पण कागदावर ते 'जैविक' नाहीत.

शिवाय दोन-तीन स्वयंसेवी संस्था आणि एक ग्राहक गट आहे. घटनेप्रमाणे एका संस्थेला एक मत. म्हणजे शेकडो शेतकऱ्यांची कापूस कंपनी आणि नागपुरातला लहानसा ग्राहक गट मतपेटीपुढे सारखेच. हे बरं की वाईट यावर महासंघात वर्षानुवर्षं चर्चा आहे. वर्गणी देणाऱ्याला वाटतं आपलं वजन कमी पडतं. लहान गटाला वाटतं, मत सारखं असलं तरी कार्यक्रमपत्रिका मोठेच ठरवतात. माझ्या मते दुसरी तक्रार जास्त खरी आहे.

सरकारच्या लेखी विदर्भाची जैविक चळवळ आणखी वेगळीच. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन २०१८ मध्ये सुरू झालं ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी. त्यात नागपूर नव्हतं, धानपट्टाही नव्हता. पुढे मिशनच्या नावात 'जैविक'च्या जागी 'नैसर्गिक' आलं आणि ते राज्यभर गेलं. केंद्रानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्यामुळे आज सरकारदरबारी नैसर्गिकवाल्यांचा शब्द जड आहे, बाजारात प्रमाणपत्रवाल्यांचा. महासंघाला दोन्हीकडे एकाच तोंडाने बोलायचं असतं.

पहिलं पत्रक

वार्ताहराचा फोन येताच सचिवांनी रात्रीच पत्रक काढलं: महासंघाच्या सर्व सभासदांचा माल शंभर टक्के विषमुक्त आहे, हा जैविक शेतीच्या बदनामीचा डाव आहे.

हेतू चांगला होता. पण या दोन ओळींनी महासंघाचं जेवढं नुकसान केलं तेवढं अहवालाने केलं नव्हतं. प्रमाणपत्र, मग ते एनपीओपीचं असो की पीजीएसचं, पद्धतीचं असतं. या शेतकऱ्याने अमुक इतका काळ रासायनिक खत-औषध वापरलं नाही, बियाणं जनुकबदल केलेलं नाही, नोंदी आहेत, एवढंच ते सांगतं. दाण्यात काय आहे ते सांगत नाही. दाण्याची मर्यादा वेगळ्या कायद्यात आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या जैविक अन्न विनियमांनुसार जैविक मालात कीटकनाशकाचा अंश सर्वसाधारण मर्यादेच्या ५ टक्के किंवा यंत्राला मोजता येईल अशी किमान पातळी, यांत जे जास्त असेल त्याच्या आत हवा. शेतकरी पहिल्या कसोटीला शंभर टक्के उतरूनही दुसरीत नापास होऊ शकतो. शेजाऱ्याचा पंप, जुना बारदाना, गोदाम, गिरणी, वाटेत कुठेही.

सचिवांनी हमी दिली ती दुसऱ्या कसोटीची, जी कुणाच्याच हातात नाही. आणि ती दिली कापूस, धान, संत्रा, मोहफूल, सगळ्यांच्या वतीने, एकालाही न विचारता. बातमी छापून आली तेव्हा प्रश्न 'एक लॉट परत गेला' एवढा राहिला नाही. 'महासंघ खोटं बोलतो का' असा झाला.

सभा

चार दिवसांनी नागपुरात धंतोलीतल्या एका सभागृहात तातडीची सभा भरली. कापूस गटांचे प्रतिनिधी ठराव लिहूनच आले होते: अंश सापडलेल्या गटाचं सभासदत्व रद्द करा, आणि यापुढे प्रत्येक सभासदाच्या मालाची तपासणी सक्तीची करा.

"भाऊ, आमचा माल बाहेर जाते," त्यांचे संचालक म्हणाले. "तुमच्या एका पोत्यापायी आमच्या गाठी अडकल्या तर कोण भरून देईल?"

भीती खोटी नव्हती. भारतातल्या जैविक कापसाचं नाव आधीच डागाळलेलं आहे. २०२० मध्ये जैविक वस्त्रांच्या 'गॉट्स' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तपासात भारतीय कापसाची बनावट व्यवहार प्रमाणपत्रं, म्हणजे खरेदी-विक्रीच्या वेळी माल जैविक असल्याची दिलेली प्रमाणपत्रं, उघड झाली होती. अमेरिकेनेही अपेडाच्या देखरेखीखालचं जैविक प्रमाणीकरण मान्य करणारा करार २०२१ मध्ये संपवला. अशा वेळी 'जैविक' शब्दाला चिकटलेली कुठलीही बातमी त्यांना महागात पडते.

काटोलच्या गटातर्फे एक ताई उठल्या. "अध्यक्ष साहेब, आमच्या वावरात येऊन पाहा. वर्षभर एक थेंब मारला नाही आमी. पण धुऱ्यापल्याडच्याचा पंप आमी कसा बंद कराव?" तुरीवर शेंगा पोखरणारी अळी येते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याच वेळी आजूबाजूला फवारणी जोरात असते. सेवरीची किंवा ज्वारीची दाट ओळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असेल तर थोडा आडोसा होतो. दोन-अडीच एकरांच्या वावरात ती ओळ लावायला किती जागा सोडायची हा पुन्हा वेगळा हिशेब.

नैसर्गिकवाल्यांमधले एक काकाजी शांतपणे म्हणाले, "आमी पहिलेपासूनच सांगून राहिलो, कागदाच्या भरवशावर शेती नसते." सभागृहात थोडा हशा झाला, पण काकाजींकडे पर्याय विचारला तेव्हा ते म्हणाले, ग्राहकाने शेतावर यावं. नागपूरच्या किती ग्राहकांना ते जमेल, यावर ते काही बोलले नाहीत.

सभेला कलाटणी मिळाली ती काटोलच्याच एका तरुणाच्या प्रश्नाने. "साहेब, तपासणी सक्तीची करा, आमची ना नाही. पण मग रुईत बीटी पण तपासा. किती गट उरतील, सांगा ना."

कापूसवाले गप्प झाले. देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापसाचं क्षेत्र बीटीखाली, म्हणजे जनुकबदल केलेल्या वाणांखाली आहे. जैविक गटाने बीटी नसलेलं बियाणं लावलं तरी शेजारच्या फुलांचा पराग येतो, आणि जिनिंगमध्ये आधीच्या लॉटची सरकी-रुई मिसळते. आपल्या हाताबाहेरच्या गोष्टीसाठी आपल्याला बाद करू नका, हेच कापूस गट गेली कित्येक वर्षं खरेदीदारांपुढे मांडत आले होते. तुरीच्या बाबतीत मात्र ते स्वतः खरेदीदाराच्या जागी जाऊन बसले होते. हद्दपारीचा ठराव मागे घेतला गेला नाही, पण मतालाही टाकला गेला नाही. वऱ्हाडात अशा ठरावाला 'राहू द्या' म्हणतात, आणि तो राहतो.

पोतं, गोदाम, गिरणी

त्याऐवजी तिघांची चौकशी समिती नेमली: एक कापूसवाले, एक दुसऱ्या पीजीएस गटाचे, एक ग्राहक गटाच्या बाई. मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हा वाटतो.

समितीने आधी वावरं पाहिली, नोंदवही पाहिली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की शेतकऱ्यांनी घरी बियाण्याला तूर ठेवलेली असणारच. डाळ झालेल्या लॉटमधलीच ती तूर, फक्त गिरणीत न गेलेली. ज्यांचं वावर फवारणीच्या वावराला लागून होतं त्या दोन घरांची तूर मुद्दाम निवडली आणि त्याच प्रयोगशाळेला पाठवली. अंश सापडला नाही.

मग माल कसा गेला याची चौकशी झाली. गटाची स्वतःची पोती कमी पडली, म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारातून जुना बारदाना आणला होता. तूर भरडायला दिली त्या दालमिलच्या गोदामात दोन रात्री थप्पी पडून होती. डेल्टामेथ्रिन शेतातही वापरतात आणि गोदामात साठ्याच्या किडीसाठी पोत्यांवर, भिंतींवरही फवारतात. घरच्या तुरीत काही नव्हतं, म्हणजे अंश बहुधा बारदान्यातून, गोदामातून किंवा गिरणीतून आला. यांतल्या नक्की कुठून, हे ठरवता आलं नाही. पोती तोवर पुढे गेली होती.

म्हणजे गट निर्दोष का? पूर्णपणे नाही. पीजीएसमध्ये मालाचा माग पक्का असतो तो माल गटाच्या ताब्यात असेपर्यंतच. गिरणीत टाकला की हमीचा दोरा ढिला होतो. गटातल्या कुणीही भरडताना उभं राहिलं नव्हतं, आणि जुना बारदाना घेताना तो कशाचा होता हे विचारलं नव्हतं. समितीने हे स्पष्ट लिहिलं. काटोलच्या ताईंना ते लागलं, पण त्यांनी सही केली.

असं भांडण आधीही झालंय

महासंघातल्या काहींना वाटलं, आपण फारच गोंधळलेले आहोत. तसं नाही. हाच वाद युरोपातल्या जैविक चळवळीच्या शिखर संघटनेने ब्रुसेल्समध्ये कित्येक वर्षं लढवला आहे.

१९७२ मध्ये व्हर्सायला स्थापन झालेल्या 'आयफोम' या जैविक चळवळींच्या जागतिक महासंघाची ती युरोपातली शाखा. २०१४ मध्ये युरोपियन आयोगाने नव्या जैविक कायद्याचा मसुदा आणला. ठरावीक पातळीपेक्षा जास्त अंश सापडला तर तो माल जैविक म्हणून विकता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. वरवर पाहता ग्राहकाच्या हिताची. पण शिखर संघटनेने विरोध केला: जैविक ही पद्धत आहे, आणि शेजाऱ्याच्या फवाऱ्याची शिक्षा जैविक शेतकऱ्याला देऊ नका. खुद्द इटली आणि बेल्जियममध्ये मात्र अशा मर्यादा आधीपासून होत्या, म्हणजे सगळा युरोप एका बाजूला नव्हताच. शेवटी २०१८ मध्ये ठरलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात आपोआप बाद करणारी मर्यादा आली नाही. अंश सापडला तर माल थांबवा, कारण शोधा, शेतकऱ्याची चूक असेल तर कारवाई करा, असा मार्ग आला. ज्या देशांत मर्यादा होत्या त्यांना काही काळ त्या ठेवू दिल्या.

सरकारपुढे एकच भूमिका नेली, ती पद्धतीची, आणि त्या भूमिकेखाली सगळे एकमताचे आहेत असा आव आणला नाही, हे त्यातलं आपल्या कामाचं. आयफोमने २००५ मध्ये ॲडलेडला स्वीकारलेली चार तत्त्वं, आरोग्य, परिसर, न्याय्यता आणि काळजी, इतकी ऐसपैस आहेत की पाळेकरांचा अनुयायी आणि कापसाची निर्यात कंपनी दोघेही त्यांत बसतात. भांडण सुरू होतं ते तत्त्वाखालच्या नियमावर.

नागपूरला एकजुटीचाही अनुभव आहे. बीटी वांग्यावरच्या सात जनसुनावण्यांपैकी एक जानेवारी २०१० मध्ये इथेच झाली. तेव्हा जैविक, नैसर्गिक, बियाणं राखणारे, ग्राहक सगळे एका बाजूला उभे राहिले, आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती जाहीर झाली. विरोधात उभं राहताना छत्री मोठी होते. पण 'शेतकऱ्यांचा आवाज' म्हणून तेव्हाही एकच आवाज नव्हता. शरद जोशींची शेतकरी संघटना जनुकबदल तंत्रज्ञानाच्या बाजूची आहे, आणि १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला तिने मंजुरी नसलेला तणनाशक सहन करणारा कापूस उघडपणे लावून सत्याग्रह केला. त्या वावरातला शेतकरीही विदर्भाचाच. 'आम्ही शेतकऱ्यांच्या वतीने बोलतो' असं महासंघ म्हणतो तेव्हा हा माणूस त्यात नसतो, एवढं तरी लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

निवेदन

सहसंचालकांना गेलेलं निवेदन तीन पानांचं झालं. मसुदा ग्राहक गटाच्या बाईंनी केला, कापूस कंपनीच्या सचिवाने कात्री लावली.

पहिल्या पानावर आधीचं पत्रक मागे घेतलं होतं. आमचे सभासद रासायनिक निविष्ठा वापरत नाहीत आणि एकमेकांची किंवा त्रयस्थाची तपासणी स्वीकारतात, ही हमी आम्ही देतो. प्रत्येक दाण्यात शून्य अंश असेल अशी हमी देत नाही, कारण ती कुणालाच देता येत नाही, असं तिथे लिहिलं. दुसऱ्या पानावर काटोलच्या लॉटची हकिगत, गटाच्या चुकीसकट. मग मागण्या: फवारणीच्या वाऱ्याने जैविक शेताचं नुकसान झालं तर गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याने पंचनामा करावा, आणि नागपूरच्या जैविक व नैसर्गिक शेतीच्या प्रादेशिक केंद्राने गटांना साठवण आणि भरडणीचं प्रशिक्षण द्यावं.

तिसरं पान सगळ्यात जास्त वादाचं. त्यावर हे निवेदन कुणाचं आहे आणि कुणाचं नाही ते लिहिलं होतं. कापूस आणि पीजीएस गटांची संमती आहे. नैसर्गिक शेतीच्या गटांचा प्रमाणीकरणावर आधारलेल्या मागण्यांना विरोध आहे, त्यांचं टिपण जोडलं आहे. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सभासदांशी चर्चा झालेली नाही.

ही शेवटची ओळ काढा, असा आग्रह दोन पदाधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत धरला. त्यांचं म्हणणं, अशाने आपली ताकद कमी दिसते. साहेब म्हणतील, तुम्ही अख्ख्या विदर्भाचे नाहीच मग. यात तथ्य होतं. अधिकाऱ्याला एक पान आणि एक सही हवी असते, तीन पानं आणि एक विरोधी टिपण नको असतं. तरी ओळ राहिली ती बरीच झाली असं मला वाटतं, कारण पहिल्या पत्रकाची सगळी गडबड नेमकी तिथूनच सुरू झाली होती: न विचारलेल्यांच्या नावावर हमी देण्यापासून.

पंचनाम्याच्या मागणीवर कार्यालयाने तोंडी 'बघू' म्हटलं. प्रशिक्षणाला होकार आला. वार्ताहराने दुसरी बातमी केली, आतल्या पानावर, लहान. दुकानदाराने काटोलच्या गटाकडून पुन्हा तूर घ्यायचं मान्य केलं, पण डाळ नको, अख्खी तूर. भरडून तो स्वतः घेईल. गटाला त्यात किलोमागे मिळणारे वरचे पैसे गेले.

महासंघाच्या आत तीन गोष्टी अजून लटकलेल्या आहेत. वार्षिक सभा एक वर्ष नागपुरात आणि एक वर्ष वडसा किंवा गडचिरोलीला घ्यायची, असा प्रस्ताव आहे. कापूस गट म्हणतात, आमचा तिकडे दोन दिवसांचा फेरा पडेल. तातडीच्या वेळी माध्यमांशी कुणी बोलायचं याचा नियम लिहायचा आहे. आणि गिरणीचं ठरायचं आहे. सकाळी यंत्र झाडून आधी क्विंटलभर जैविक तूर त्यातून काढायची, ती साधी डाळ म्हणून विकायची, आणि मगच जैविकची भरडणी सुरू करायची, याला दालमिलवाला तयार आहे. त्या पहिल्या क्विंटलचा तोटा गटाने सोसायचा, दुकानाने की महासंघाने, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे.